झिरो वायरमनांनो, खाली उतरा

बसू नका. आज तासभर उभं राहून ऐकायचं. निंबाच्या फांदीवर उभे राहू शकता, तर वर्गातही राहू शकाल.

हा व्हिडिओ कालपासून नामपूरच्या बाजारपेठेत फिरतोय. मलाही चारचौघांनी पाठवला, तोही कौतुकानं. म्हणे, "सर, तुमची पोरं वाघ निघाली." दुसऱ्यांदा मी तो आवाज बंद करून पाहिला, कारण वर घातलेल्या गाण्यात तुमचा मूर्खपणा झाकला जातो. मळ्यातली डीपी. शेजारी कडुनिंब, त्याची एक फांदी ११ केव्हीच्या तारेकडे झुकलेली. एक जण निंबावर, पायात स्लीपर, हातात कोयता. दुसरा डीपीच्या पेटीतून किटकॅट फ्यूज ओढून काढतोय आणि वर बघून ओरडतोय, "लाईन बंद आहे रे!" तिसरा शूटिंग करतोय. फांदी बांधाच्या बाजूला पडली, टाळ्या पडल्या, शेतकऱ्यानं चहा पाजला, दोनशे रुपये हातावर ठेवले. संपला व्हिडिओ.

आता मला सांगा, कुठली लाईन बंद होती?

सांग ना. तू, किटकॅट काढणारा. खाली काय बघतोस, फरशीत उत्तर नाही. पेटीतले किटकॅट काढले की रोहित्राच्या पुढची, घराकडे आणि मोटरीकडे जाणारी लाईन मरते. घरातला पंखा थांबला, म्हणून तुम्हाला वाटलं सगळं थांबलं. डीपीच्या डोक्यावर येणारी ११ हजार व्होल्टची लाईन तुमच्या किटकॅटला ओळखतसुद्धा नाही. ती होती तशी जिवंत होती. पुरावा हवा? याच व्हिडिओत, फांदी पडते तेव्हा मागे बघा. पलीकडच्या शेततळ्यात पाईपातून पाणी धो धो पडतंय. सौरपंप नाही तो, आसपास एकही पॅनेल दिसत नाही. ती मोटर याच लाईनवरच्या पुढच्या डीपीवर चालतेय. म्हणजे ज्या तारेपासून हातभर अंतरावर तुमचा वाघ कोयता फिरवत होता, ती तार त्या घटकेला शेजाऱ्याचं शेततळं भरत होती.

आणि मला राग याचा येतो की हे तुम्हाला येत होतं. चाचणीत रोहित्राची आकृती सगळ्यांनी काढली. एचटी वर, एलटी खाली, बाण दाखवून, नावं देऊन. कागदावर पैकीच्या पैकी. मळ्यात गेलात आणि डोकं झाडाच्या बुंध्याशी ठेवून वर चढलात.

"काही व्हत नई, सर." हे अहिराणीतलं तुमचं आवडतं उत्तर मला पाठ आहे. हेल्मेट का नाही? काही व्हत नई. बेल्ट कुठे? काही व्हत नई. मग ऐका काय होतं ते. नऊ वॅटचा एलईडी बल्ब २३० व्होल्टवर साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. तुमच्या न्हाणीतला बल्ब. हातातून १० ते २० मिलिअँपिअर गेले की स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. माणूस तारेला 'चिकटतो' असं आपण म्हणतो ते हेच. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले की हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे न्हाणीतल्या दोन बल्बांना पुरेल एवढी वीज तुमचं हृदय थांबवायला भरपूर झाली. त्या तारेत तर अख्ख्या शिवाराच्या मोटरी चालवायची ताकद होती.

मागच्या बाकावरचे कुजबुजताहेत की लाईन झाडाला लागली असती तर सबस्टेशनला ट्रिप झाली असती. हा गैरसमज आजच काढून टाका. झाडातून जमिनीत जाणारा प्रवाह बऱ्याचदा इतका थोडा असतो की ब्रेकरला त्याची दखलच घेता येत नाही. तार कोरड्या मुरमावर तुटून पडली तरी तेच. ब्रेकर मोठ्या प्रवाहाला घाबरतो, तुमच्या जिवाला पुरणारा प्रवाह त्याच्या हिशेबात क्षुल्लक आहे. ११ केव्हीची वीज हवेतून फार लांब उडी मारत नाही, हे खरं. पण हिरवी फांदी, कोयत्याचं लांबडं पातं आणि घामेजलेलं मनगट मिळून ते अंतर भरून काढतात. अमेरिकेत नियम आहे की ज्याचं या कामाचं शिक्षण झालेलं नाही, त्यानं ५० केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेच्या १० फुटांच्या आत यायचं नाही. तो आणि त्याच्या हातातलं हत्यार, दोन्ही. तुमच्या वाघाचा कोयता त्या हिशेबात कधीच आत होता.

एक जण म्हणाला, "सर, शेती फीडरची पाळी संपायची वेळ झाली होती, जाणारच होती लाईन." शाबास! म्हणजे वेळापत्रकाच्या भरवशावर झाडावर चढायचं. आपल्याकडे गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीला कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीनं वीज येते. पाळी बदलते. कधी तासभर उशिरा जाते, कधी बिघाड काढून झाला की मध्येच सुरू होते. त्यात काही ठिकाणी एकाच पोलवर वरच्या आडव्याला एक फीडर, खालच्याला दुसरा. गावात अंधार आहे म्हणून मळ्यातली तार मेली असं समजणारा माणूस वायरमन होण्याच्या लायकीचा नाही. ज्यानं स्वतः बंद केली नाही, स्वतः तपासली नाही, स्वतः अर्थ केली नाही, त्याच्यासाठी ती तार चालूच आहे. हे वाक्य तुम्ही वहीत पहिल्या महिन्यात लिहिलंय. माझ्याच अक्षरात फळ्यावर होतं.

बरं, आता क्रम कोण सांगेल? कुणीच नाही? चार मार्चला लाईनमन दिवस झाला, तेव्हा स्टेटसवर सगळ्यांचे सलाम होते. सलामाला क्रम लागत नाही, कामाला लागतो.

पहिलं परमिट. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून, कुठला फीडर, कुठल्या पोलपासून कुठल्या पोलपर्यंत, किती वाजता, कुणाच्या नावावर, सगळं रजिस्टरला. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं, दुसऱ्या कुणी नाही. "मिस्ड कॉल दिला की लाईन सोड" किंवा "पाच वाजता आपोआप सोड, तोवर आम्ही उतरू" ही ठरवाठरवी म्हणजे स्वतःच्या मरणाची वेळ स्वतःच कळवून ठेवणं. मग एबी स्विच उघडायचा. हँडल खाली आलं म्हणजे स्विच उघडला असं नाही. मान वर करून तिन्ही ब्लेड बघायच्या. गंजलेल्या स्विचची एखादी ब्लेड अडकून राहते, दोन फेज मरतात, तिसरा तुमची वाट बघत असतो. हँडलला कुलूप, आणि 'माणसं काम करत आहेत' ही पाटी. चावी खिशात, दुसऱ्याच्या नव्हे, तुमच्या. मग टेस्टर. आणि टेस्टरसुद्धा आधी चालू तारेवर तपासून घ्यायचा, कारण बिघडलेला टेस्टर सगळ्याच तारा मेल्या असं सांगतो. मग डिस्चार्ज रॉड. त्याची जमिनीकडची बाजू आधी पक्की करायची, तारेकडची नंतर. काढताना बरोबर उलट. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं.

दोन्ही बाजूंना का? इथेच तुम्ही परीक्षेत पाठ केलेलं ओकता आणि विसरता. पुढे कुणाच्या तरी मंगल कार्यालयात जनरेटर आहे. चेंजओव्हर स्विचचे पैसे वाचवून त्यानं तो थेट मेनला जोडलाय. लाईन गेली की त्याचा जनरेटर सुरू, आणि रोहित्र उलटं चालायला लागतं. खालून गेलेली ४०० व्होल्टची वीज वर ११ हजार होऊन तुमच्या हाताशी येते. सबस्टेशनमधून लाईन बंद, परमिट बरोबर, आणि माणूस मात्र गेला. शेजारून दुसरी चालू लाईन समांतर जात असेल तर मेलेल्या तारेतही दाब उतरतो. अर्थिंग हे या दोन्हींवर एकच उत्तर आहे, आणि ते करायला तुम्हाला पाच-दहा मिनिटं जड जातात.

हे सगळं करणाऱ्या माणसाचा व्हिडिओ कुणी बघणार नाही, मला ठाऊक आहे. त्यात वीस मिनिटं काहीच घडत नाही.

आता त्या दोनशे रुपयांबद्दल. आपल्या भागात झिरो वायरमन कोण असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. एका वायरमनकडे अनेक वाड्या-वस्त्या, पावसाळ्यात रोज फ्यूज उडणार, आणि प्रत्येक शिवारात एक धीट पोरगा असतो, जो चहा-पाण्यावर वर चढतो. गावाला तो हवाच असतो. अडल्या वेळी धावून येतो म्हणून त्याला मानही असतो. मी त्यांची टिंगल करणार नाही, त्यातले काही जण खरोखर कसबी आहेत. पण त्यांचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही, त्यांचा विमा नाही, त्यांच्या हातात कंपनीचे मोजे नाहीत. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, याला वर चढायला सांगितलं कुणी? आणि त्या क्षणी कुणालाच काही आठवत नाही. मागे राहिलेली बायको एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद घेऊन फिरत राहते. त्यांना शिकायची सोय मिळाली नाही म्हणून ते झिरो राहिले. तुम्हाला दोन वर्षांचा तारतंत्रीचा अभ्यासक्रम आहे, कार्यशाळा आहे, बेल्ट आहे, हेल्मेट आहे, आणि मी आहे. तरी तुम्ही रांग सोडून तिकडे जाऊन उभे राहता. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

हे शिक्षण फुकट आलेलं नाही, हेही ऐकून घ्या. अमेरिकेत हेन्री मिलर नावाचा लाईनमन होता. शहराशहरांत नव्या लाईनी पडत होत्या, आणि शेतावरची, रेल्वेवरची पोरं थेट पोलवर चढवली जात होती. रीतसर उमेदवारी नाही, काही नाही. त्यानं १८९१ साली सेंट लुईसमध्ये या कामगारांची संघटना उभी केली आणि तिचा पहिला अध्यक्ष झाला. १८९६ मध्ये तो स्वतःच पोलवर शॉक लागून खाली पडला आणि गेला. आज तिकडे लाईनमनची उमेदवारी वर्षानुवर्षं चालते, जुन्या माणसाच्या हाताखाली, तास मोजून. त्या तासांमागे अशी किती माणसं आहेत! आपल्याकडेही १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, तुम्ही त्याच्याच रांगेत लागणार आहात. पण तिथे रुजू होण्याआधी तुम्ही स्वतःला उस्ताद ठरवून मोकळे झालात. चहापेक्षा किटली गरम.

आता झाडाकडे येतो. तुम्हाला वाटलं असेल, सर विजेवरच बोलतील. नाही. त्या व्हिडिओत मला सर्वांत लाज कशाची वाटली असेल, तर त्या निंबाची.

तुमच्यातले निम्मे डाळिंबवाल्यांची पोरं आहेत. घरच्या बागेत छाटणीला माणूस आला की तुम्ही त्याच्या मागे मागे फिरता. कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवली का? एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत बुडवली का? तेल्या कसा पसरतो ते तुम्हाला दहावीच्या आधीपासून माहीत आहे. कुठल्या डोळ्यावर काप घ्यायचा, बोर्डो पेस्ट कुठे लावायची, सगळं येतं. द्राक्षवाल्यांना एप्रिलची खरड छाटणी आणि फळाची छाटणी यातला फरक झोपेत विचारला तरी सांगता येतो. एखाद्या मजुरानं डाळिंबाच्या खोडावर कोयता घातला तर तुमचा बाप त्याला बांधाबाहेर काढेल. मग निंबानं काय घोडं मारलं होतं? तो पैसे देत नाही म्हणून?

फांदी वरून एका घावात तोडली. वजनानं ती खाली लवंडली आणि खोडावरची साल हातभर सोलत गेली. व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. आता त्या जखमेतून कीड शिरेल, बुरशी शिरेल, आतून सडेल, आणि काही वर्षांनी एखाद्या वादळात अख्खा निंब त्याच लाईनवर आडवा होईल. तेव्हा तो एकटा पडणार नाही, पोल घेऊन पडेल. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कोकणात झाडं आणि पोल कसे एकमेकांना घेऊन पडले ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत.

जाड फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खोडापासून हातभर पुढे, आणि तो खालून वर, तिसरा हिस्सा खोल. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून खाली. फांदी सुटते, साल सोलत नाही, कारण खालचा काप तिला अडवतो. उरला तो खुंट. तिसरा काप त्या खुंटाचा. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडा असते, निंबावर ती नीट दिसते. तिच्या जरा बाहेरून कापायचं. कडा कापायची नाही आणि खुंट सोडायचा नाही. का? कारण झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा पाडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी चेनसॉनं हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. ती भिंत घालायची सगळी ताकद त्या फुगीर कडेत असते. ती शाबूत राहिली की निंब स्वतःचं बघून घेतो, त्याला रंग लागत नाही, शेण लागत नाही, डांबर तर मुळीच नाही.

दुसरा तुमचा लाडका प्रकार म्हणजे झाडाला भुंडं करणं. वरून सपाट छाटून टाकायचं, पाट्या टाका, लाईन मोकळी. मोकळी? भुंड्या केलेल्या फांदीच्या टोकाशी पुढच्या पावसात सरळसोट धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. ते जोरात वाढतात आणि बुडाशी कच्चे असतात. सुबाभूळ तर तुमची पाठ वळायची वाट बघते. दोन पावसाळ्यांत तीच लाईन, तेच झाड, फक्त आता फांद्या दहापट आणि वाऱ्यात सहज मोडणाऱ्या. त्यापेक्षा जी फांदी लाईनकडे निघालीय ती तिच्या मुळाशी काढा आणि जी लाईनपासून दूर जातेय ती ठेवा. झाडाला दिशा द्यायची. डाळिंबाला देता तशी.

झाडं ओळखायला शिका. शेवग्याच्या फांदीवर पाय ठेवणारा वायरमन मूर्ख असतो, ती वाळकी नसतानाही काडकन मोडते. गुलमोहराचा भरवसा नाही. बाभूळ चिवट, पण काटे बेल्टच्या दोरीत अडकतात. निलगिरी सरळ वर जाते आणि वरून झुलते. बांबू तर पावसाळ्यात बघता बघता तारेला भिडतो, लाईनखाली बांबूचं बेट लावू देऊ नका. पिंपळ तोडायला निघालात तर आधी गावाला विचारा, नाहीतर विजेच्या आधी गावकरीच तुम्हाला खाली ओढतील.

आणि झाड कुणाचं हे विचारलंत का? त्या शेतकऱ्याचंच असेल, बरं. पण उद्या दुसऱ्याच्या बांधावरचं तोडाल. लाईनला आड येणाऱ्या झाडाचं काय करायचं हे विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ मध्ये आहे. वीज कंपनी अर्ज करते, कार्यकारी दंडाधिकारी आदेश देऊ शकतो, आणि लाईन ओढण्याआधीपासून तिथे उभ्या असलेल्या झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई देय आहे. आजोबांनी लावलेल्या आंब्यावरून तार गेली असेल तर आंबा गुन्हेगार नाही, तार पाहुणी आहे. उलट तारेखाली नंतर लावलेल्या झाडाची तक्रार मालकानं करू नये. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग ही झाडं मुळातून तोडायची तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. शहरात गेलात तर १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. तुम्हाला वकील व्हायचं नाही, पण कोयता उचलण्याआधी एवढं माहीत हवं.

"फांद्या तोडणं हे मजुराचं काम, सर, आम्ही टेक्निशियन." हेही ऐकलंय मी तुमच्या तोंडून. मग १४ ऑगस्ट २००३ ची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दुपारचा भार वाढला. तारा तापल्या. तापल्या की अ‍ॅल्युमिनियम वाढतं आणि तार लोंबते, हे तुम्ही शिकलात. खाली झाडं वाढलेली, कुणी छाटलेली नाहीत. ३४५ केव्हीच्या एकामागून एक लाईनी झाडांना लागून बंद पडल्या. एकीचा भार दुसरीवर गेला, दुसरी आणखी लोंबली. नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही नेमकी तेव्हाच बंद. अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी माणसं अंधारात गेली. न्यूयॉर्कमध्ये लोक पूल ओलांडून पायी घरी गेले. पुढच्याच महिन्यात, २८ सप्टेंबरला, स्वित्झर्लंडमधली एक लाईन झाडाला लागली आणि तिथून सुरू होऊन जवळजवळ सगळी इटली काळोखात बुडाली. न छाटलेली झाडं! त्यानंतर अमेरिकेत लाईनीखालची झाडं वेळेवर छाटणं सक्तीचं झालं आणि चुकलेल्या कंपन्यांना जबर दंड होऊ लागले. तिथे लाईनीलगतची झाडं छाटणाऱ्याचा धंदा वेगळा आहे. त्याला झाडही यावं लागतं आणि वीजही. आपल्याकडे आयटीआयमध्ये असा अभ्यासक्रम मी पाहिलेला नाही. विजेचा माणूस झाडाला शत्रू समजतो, आणि झाडाचा माणूस तारेला दोरी समजतो.

म्हणून सांगतो, ही जागा रिकामी आहे. मोसम खोऱ्यात एप्रिल-मेमध्ये वीज कापून लाईनखालची झाडं छाटायची कामं निघतात, नाशिकसारख्या शहरात रस्त्याकडेला जुने वड-पिंपळ उभे आहेत, सोसायट्यांना झाडं उतरवायला माणूस मिळत नाही. ज्याला दोरावर लटकून नीट काप घेता येतो आणि ज्याला परमिटचा क्रम झोपेतही चुकत नाही, असा माणूस तालुक्यात शोधून दाखवा. नोकरीच हवी असेल तर तीही आहे. महावितरणनं २०२३ च्या अखेरीस ५,३४७ विद्युत सहाय्यकांची जाहिरात काढली होती. बारावी आणि तारतंत्री किंवा वीजतंत्री. पहिली तीन वर्षं मानधनावर, मग तंत्रज्ञ. त्या परीक्षेत स्लीपर घालून झाडावर चढल्याचे गुण नाहीत. त्या आधी पाय मोडून घरी बसलात तर अर्ज भरायला हात तरी शाबूत राहू द्या.

तोंडी विचारतो. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून किमान किती उंच हवी? ... ६.१ मीटर. एकाच पोरीचा हात वर आला. कांद्याच्या गोण्या चढवलेला ट्रॅक्टर नामपूरच्या बाजार समितीकडे निघतो, त्यावर एक जण बसलेला असतो, तेव्हा या ६.१ चा अर्थ कळतो. तार लोंबली असेल तर तुम्ही खालून मोजून कळवायचं असतं, वर चढून ओढायची नसते.

आणि हीच पोरगी. काल ग्रुपवर हिनं विचारलं होतं, "परमिट कुणी घेतलं?" त्यावर तुम्ही हसण्याचे चेहरे टाकलेत, हिला 'इन्स्पेक्टर मॅडम' म्हणालात. या वर्गात काल एकच वायरमन होती, ती घरी बसून होती.

आता शिक्षा. रडू नका, रडण्यासारखी नाही. तिघांचंही पोलवर चढणं पुढची आज्ञा येईपर्यंत बंद. तिघांनी मिळून त्या मळ्यात जायचं, शेतकऱ्याला दोनशे रुपये परत द्यायचे, आणि सांगायचं की काका, पुन्हा फांदी टेकली तर आम्हाला नाही, सबस्टेशनला फोन करा. नंबर त्यांच्या पेटीच्या दारावर लिहून या. निंबाच्या सोललेल्या सालीच्या लोंबत्या धांदोट्या धारदार चाकूनं नीट काढा, जखम आणखी वाढवू नका, वर काही फासू नका.

उरलेल्यांनी हसायचं कारण नाही. टाळ्या तुमच्याच होत्या. सबस्टेशनमध्ये भिंतीवर शॉक लागलेल्या माणसावर उपचाराचा तक्ता असतो, तो तुमच्यापैकी किती जणांनी वाचलाय? उद्यापासून रोज पहिला अर्धा तास छातीवर दाब देण्याचा सराव. मिनिटाला १०० ते १२०, थकेपर्यंत, मग दुसऱ्यानं सुरू ठेवायचं. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी वीज तोडायची, हे न सांगता जो पुढे धावेल त्याला मी पहिल्यांदा मेलेला धरीन. तार तुटून पडलेल्या जागेवरून बाहेर पडताना लांब ढांगा टाकायच्या नाहीत, पाय एकमेकांना लावून सरकत यायचं. हेही करून घेणार आहे. मैदानावर सगळे बदकासारखे चालताना तुमचा व्हिडिओ हवा तर मी काढतो.

शुक्रवारी कार्यशाळेच्या मागच्या निंबाची एक फांदी उतरवायची आहे. तिथून लाईन जात नाही, मी दोनदा बघून आलोय, तरी तुम्ही परत बघायचं आणि लिहून द्यायचं. एक जण वर, दोर आणि बेल्टसह. तिघं खाली, हेल्मेट घालून, पडणाऱ्या फांदीच्या वर्तुळाबाहेर. तीन काप. आधी खडूनं फांदीवर खुणा, मग करवत. सुरक्षेची जबाबदारी या पोरीकडे. वर कोण चढणार हे ती ठरवेल, आणि ती "उतर" म्हणाली की का म्हणून विचारायचं नाही. बूट घालून या. कोयते घरी ठेवा, करवत मी आणतो.